न घेतलेलं घर

मार्वेटा टिब्सचा आवाज असा होता की तिनं नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलं तरी समोरच्याला वाटायचं, आपली कुणीतरी मनापासून चौकशी केली. मेम्फिसच्या विमानतळाजवळ पार्सलचं गोदाम होतं. तिथं खोकी उचलण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि तिथं त्या आवाजाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. पाठीचा मणका सरकला तेव्हा मालकांनी फुलांचा गुच्छ पाठवला आणि थोड्याच दिवसांत हातावर निरोपाची रक्कम ठेवून घरी बसवलं. नवरा केव्हाच ह्यूस्टनला निघून गेलेला. चाळिशी उलटलेली मार्वेटा आईच्या भाड्याच्या दोन खोल्यांत परत आली.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये घरांच्या धंद्याचा फुकट वर्ग आहे, असं तिनं रेडिओवर ऐकलं आणि गेली. व्यासपीठावर पांढरेशुभ्र बूट घातलेला एक तरुण होता. सगळे त्याला कोच म्हणत.

"घरं विकायला घर लागत नाही," तो म्हणाला. "भांडवल लागत नाही, शिक्षण लागत नाही. अडचणीत आलेला एक माणूस लागतो, बस."

हॉलमध्ये हशा पिकला. मार्वेटाही हसली.

धंदा सांगायला सोपा होता. कराच्या थकबाकीनं, मरणानं नाहीतर घटस्फोटानं टेकीला आलेला घरमालक शोधायचा. त्याच्याशी पडेल भाव ठरवून करार करायचा. कराराची मुदत संपायच्या आत तो करारच एखाद्या रोखीच्या गिऱ्हाइकाला वाढीव भावानं देऊन टाकायचा. मधला फरक आपला. घर आपल्या नावावर चढत नाही, किल्लीसुद्धा हातात येत नाही. फुकट वर्गानंतरचा वर्ग पैसे भरून होता. निरोपाच्या रकमेतलं उरलंसुरलं तिकडे गेलं.

तिची आई अर्लीन भेंडी तळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जे तुझं नाहीच ते तू विकणार."

"कागद विकणार, मम्मा. नुसता करार."

"आणि घर विकणाऱ्याला हे ठाऊक असतं?"

"सगळं कायद्यात बसतं."

"मी ते नाही विचारलं," अर्लीन म्हणाली आणि झाऱ्यानं भेंडी उलटत राहिली.

सुरुवात अगदी हलाखीत झाली. मार्वेटानं प्लास्टिकच्या पाट्यांवर काळ्या मार्करनं लिहिलं, 'घर घेते. रोख. आहे त्या स्थितीत.' अक्षर वाकडंतिकडं हवं, असं कोचनं बजावलं होतं. लोकांना वाटलं पाहिजे की ही कुणी साधी, आपल्यातलीच बाई आहे. ती पाट्या खांबांवर ठोकायची आणि पालिकेची माणसं त्या उपटायची. आईच्या जुन्या ब्यूक गाडीतून ती ऑरेंज माउंड वस्तीच्या गल्ल्या पिंजून काढायची. कुठं गवत कमरेएवढं वाढलंय, कुठं छपरावर निळी ताडपत्री आहे, कुठली टपालपेटी ओसंडून वाहतेय ते टिपायचं आणि मालकाचा नंबर मिळवून फोन करायचा. फोनवर शिव्या ठरलेल्या. एक म्हातारी मात्र शांतपणे म्हणाली होती, "बाई गं, इतका गोड गळा देवानं दिलाय, एखादं सरळ काम का नाही बघत?" ते मार्वेटाला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

वसंतात पहिला मालक तयार झाला. एका बंद घराच्या दोघा भावांनी तोंडी होकार दिला. मार्वेटा हुरळून गेली आणि करारावर सह्या व्हायच्या आधीच तिनं केंट नावाच्या खरेदीदाराला घर दाखवलं. केंट कॅलिफोर्नियातल्या पैसेवाल्यांसाठी इथली घरं उचलायचा. त्यानं वाकून घराच्या जमिनीखालच्या पोकळीत बॅटरी मारली, नाक मुरडलं, "नाही हो जमणार," म्हणाला, आणि त्याच आठवड्यात परस्पर त्या भावांकडून घर घेऊन मोकळा झाला. मार्वेटानं फोनवर त्याला फैलावर घेतलं. तो शांत होता.

"मनाला लावून घेऊ नका, मिस टिब्स. तुम्ही मला पत्ता आधी दिलात आणि सही मागाहून घेणार होतात. पुढच्या वेळी उलटं करा."

तिनं पुढच्या वेळी उलटं केलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती एका विटांच्या बैठ्या घरासमोर गाडी लावून छपरावरच्या ताडपत्रीचा फोटो घेत होती. दार उघडून एक उंच, काटकुळा म्हातारा बाहेर आला.

"फोटोच काढायचाय तर थांब, टाय लावून येतो."

मार्वेटाला हसू फुटलं. म्हाताऱ्याचं नाव एनिस क्रचर. आयुष्यभर त्यानं सोफ्यांना आणि चर्चच्या बाकांना कापड चढवण्याचं काम केलं होतं. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी वारली. घराचा कर तुंबला होता, छप्पर गळत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत त्याला एक खोली मंजूर झाली होती. घर तो विकणारच होता.

"एका कंपनीचा माणूस येऊन गेला," त्यानं तिच्यासमोर गोड चहाचा ग्लास ठेवला. "भाव बरा देत होता. पण त्यानं आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच भिंती मोजल्या. मी म्हटलं, जा बाबा."

मार्वेटा स्वयंपाकघरात उभी होती. परसदारी अंजिराचं थोराड झाड होतं, त्याच्या पानांतून ऊन गाळून आत येत होतं. ती सहज बोलून गेली, "इथं खिडकीशी टेबल टाकलं तर सकाळचं ऊन थेट बशीत येईल."

हे कोचनं शिकवलेलं नव्हतं. ती मनापासून बोलली होती. क्षणभर तिला त्या टेबलाशी बसलेली आई दिसलीही होती.

क्रचर तिच्याकडे बघत राहिला. "तुझ्या घरी कोण कोण असतं, पोरी?"

"मी आणि मम्मा."

"स्वतःचं घर?"

"भाड्याचं."

"हं." त्यानं खिडकीची चौकट बोटानं पुसली. "तुला किती झेपेल ते सांग. त्या कंपनीएवढं देऊ शकणार नाहीस, मला कळतं."

बोलायचं असतं तर ती वेळ होती. मी घर घेणार नाही, मिस्टर क्रचर, पुढं देऊन टाकणार आहे. एवढं एकच वाक्य. मार्वेटा ओठांवरचा चहा पुसत राहिली आणि मग तिनं वर्गात शिकवलेल्या रीतीनं आकडा सांगितला. तो कंपनीच्या भावाच्या बराच खाली होता. क्रचरनं थोडा विचार केला, मान हलवली, आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "माझी विलेट असती तर म्हणाली असती, चांगल्या हाती पडलं."

गाडीत बसल्यावर मार्वेटानं स्वतःची समजूत घातली की ती एक शब्दही खोटं बोललेली नव्हती. तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

या वेळी सही आधी झाली. केंटनं करार उचलला, वकिलाच्या कचेरीत क्रचरनं खरेदीदाराचं नाव न वाचताच सह्या केल्या, व्यवहार पुरा झाला आणि मार्वेटाच्या हातात आयुष्यातला सगळ्यात मोठा चेक पडला. गाडीच्या काचा वर करून ती एकटीच मोठमोठ्यानं रडली. त्या पैशांत ब्यूकचे ब्रेक झाले, पुढच्या पाट्या झाल्या आणि अर्लीनला खालची कवळी मिळाली. अर्लीननं कित्येक दिवसांनी मक्याचं कणीस चावून खाल्लं आणि गालातल्या गालात हसली.

पुढच्याच आठवड्यात क्रचरचा फोन आला.

"मागचं दार जरा उचलून ढकलावं लागतं हं. तुझी आई ढकलत बसेल आणि दार म्हणेल, मी नाही उघडत."

"हो, मिस्टर क्रचर. सांगते तिला."

मग तो अधूनमधून फोन करू लागला. पाणी तापवायच्या टाकीचं काय करायचं. शेजारच्या बाईचा कुत्रा नुसता भुंकतो, चावत नाही. पोस्टमनला डिसेंबरात एक केक द्यायचा, म्हणजे पार्सलं कुंपणावरून भिरकावत नाही. प्रत्येक वेळी मार्वेटा त्याच मायाळू आवाजात "हो" म्हणत गेली. दर फोनला खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. सांगायचं तर आधीच्या सगळ्या हो-होचंही सांगावं लागणार होतं. एकदा त्यानं अर्लीनशी बोलायला मागितलं. "ती निजलीय," मार्वेटा म्हणाली. अर्लीन समोरच बसली होती. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

घराचं काय झालं ते मार्वेटानं जाता-येता पाहिलं होतं. विटांवर राखाडी रंग फासला होता. परसातलं झाड मुळासकट काढून तिथं गाड्या लावायला खडी पसरली होती. आत भाडेकरू आले होते.

जुलै सरताना एका दुपारी ती दुसऱ्या एका घरमालकिणीच्या ओसरीवर बोलत बसली होती, तेव्हा फोन वाजला.

"मी घरी आलोय," क्रचर म्हणाला.

"कुठल्या घरी?"

"तेच विचारतोय मी."

ती गाडी हाणत पोहोचली. क्रचर परसदारच्या पायरीवर बसला होता. डोक्यावर गवती हॅट, अंगात इस्त्रीचा शर्ट, शेजारी प्लास्टिकच्या दोन रिकाम्या बादल्या. दोन बस बदलून आला होता. अंजिरं उतरवायची वेळ झाली होती. एक बादली तिला, एक त्याच्या इमारतीतल्या लोकांना, असा त्याचा बेत होता. दारात कडेवर मूल घेतलेली एक तरुण भाडेकरीण अवघडून उभी होती.

"मी यांना पाणी विचारलं," ती मार्वेटाला म्हणाली. "हे म्हणतात, घराची मालकीण येईल."

क्रचरनं मान वर केली नाही. "ते झाड विलेटनं टेकडीपलीकडच्या तिच्या माहेराहून फांदी आणून लावलं होतं. असो. झाडाचं सोड. मला एक सांग. त्या कंपनीच्या माणसाला मी परत पाठवलं, हे तुला बोललो होतो ना?"

"हो."

"भाव त्याचा जास्त होता, हेही?"

"हो."

"मग ती सूट मी कुणाला दिली?"

मार्वेटा म्हणाली, "माझं कामच ते आहे, मिस्टर क्रचर. मी खरेदीदार शोधून देते. यात बेकायदा काही नाही. तुम्ही मला सरळ कधी विचारलंच नाहीत की—"

"नाही विचारलं. चूक झाली माझी." त्यानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "तू टेबल कुठं ठेवायचं ते सांगितलंस. मला वाटलं, विचारण्यासारखं काही उरलं नाही."

"ते मी मनापासून बोलले होते."

"असशील."

भाडेकरीण मुलाला घेऊन आत गेली. दार तिला उचलून ढकलावं लागलं नाही. नवंच बसवलं होतं.

ऊन रणरणत होतं आणि पुढची बस यायला वेळ होता. मार्वेटा म्हणाली, "चला, मी सोडते तुम्हाला." तो नको म्हणेल असं तिला वाटलं होतं, किंबहुना त्यानं म्हणावं असंच वाटत होतं. पण म्हातारा दमला होता. तो बादल्या एकात एक घालून ब्यूकमध्ये बसला, पट्टा लावला आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिला. तिनं दोनदा बोलायला तोंड उघडलं. फरकातला काही वाटा परत द्यावा असंही मनात आलं, पण परत द्यायला तिच्यापाशी काही शिल्लक नव्हतं. आणि असतं तर दिलं असतं का, याची तिला खात्री नव्हती.

इमारतीपाशी तो सावकाश उतरला.

"आभारी आहे, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच वाट वाकडी करावी लागली."

आतापर्यंत तो तिला पोरी म्हणायचा. त्या 'तुम्ही'नं मार्वेटाला असं वाटलं की आपल्या तोंडावर कुणीतरी हळूच, आवाज न करता दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारपर्यंत वस्तीतल्या चर्चमध्ये सगळ्यांना कळलं. क्रचरनं बोंबाबोंब केली नव्हती. चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी मार्वेटाच्या नव्या घराबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं आहे ते सांगितलं, इतकंच. ऑरेंज माउंडमधली माणसं तिचा नंबर दिसला की फोन उचलेनाशी झाली. अर्लीनला ते केस करायला गेली तिथं कळलं. घरी आल्यावर ती काहीच बोलेना, तेव्हा मार्वेटाच भडकली.

"बोल की! काय ते एकदा बोलून टाक!"

"काय बोलू? त्याच पैशांची कवळी तोंडात घालून मी तुला काय बोलणार?"

मार्वेटानं धंदा शहराच्या दुसऱ्या भागात नेला. आणखी काही व्यवहार झाले. मग कर्जं महागली, कॅलिफोर्नियावाले थंडावले, आणि तिच्या हातातले करार मुदत संपून विरू लागले. सामान बांधून बसलेल्या एका बाईला "आता नाही जमत" असं कळवावं लागलं, तेव्हा तीही बाई फोनवर आभारच मानत होती. तिला वाटलं, मार्वेटानं खूप खटपट केली असणार.

शेवटी केंटनं तिला ताशी पगारावर ठेवून घेतलं. त्याच्या कचेरीत ओळीनं टेबलं आहेत. कानाला यंत्र लावून दिवसभर घरमालकांना फोन करायचे. करार केंटच्या नावानं होतात, फरक केंटचा. मार्वेटाच्या फोनला सगळ्यात जास्त माणसं 'हो' म्हणतात, म्हणून तिची खुर्ची एसीच्या झोताखाली आहे. क्रचर त्या वर्षी थंडीत पुतणीकडे मिलवॉकीला गेला, असं तिला औषधांच्या दुकानात कुणीतरी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, अर्लीनच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि कामाला उशीर होईल म्हणून निघाली.