दाराशी ठेवलेलं पाणी

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. ज्या पाण्यानं एका बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता, त्या पाण्यानं मी चर्चमध्ये पाय धुतले. घोट्यापर्यंत, चोळून. तेव्हा मी अवघी त्रेसष्ट वर्षांची होते, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी मुलाकडे नुकतीच राहायला आले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. पुण्यात पस्तीस वर्षं शाळा शिकवलेल्या बाईची असते तशी.

दीड महिन्यापूर्वी एल्सचा मेसेज आला, "आई आज सकाळी गेली. शांतपणे." आणि मला सगळ्यात आधी आठवले ते माझे ओले पाय. एल्सची आई म्हणजे माझी मैत्रीण मार्गारेट... मूळची इंग्लंडमधल्या खेड्यातली, डच माणसाशी लग्न करून इथे आलेली, आणि शेजारच्या गावातल्या जुन्या इंग्लिश चर्चची झाडलोट, फुलं, पाणी वर्षानुवर्षं बघणारी.

त्या दिवशी झालं असं, की नातीला बागेत खेळवून परतताना पाऊस आला. बसला वेळ होता, चर्चचं दार उघडं होतं. आत शिरताच दाराशेजारी कमरेइतकं उंच दगडी कुंड, त्यात कोमट पाणी, बाजूला पितळी जग. आता तुम्हीच सांगा, देवाच्या दारात पाणी कशासाठी असतं? मी चपला काढल्या, जग बुडवून पायांवर ओतला आणि नातीचे चिखलाचे हात सरळ कुंडात बुचकळले. चार वर्षांची पोर ओरडली, "आज्जी, दॅट्स नॉट अ सिंक!" मी म्हटलं, "गप गं, तुला काय कळतंय!" तेवढ्यात खांबामागून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आली. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या हातात टॉवेल दिला. कुंड उपसून पुन्हा भरलं. पण फरशी वाळायच्या आत पाहुणे आले आणि बाळाची आजी सर्रकन घसरली. गुडघा सुजण्यावर निभावलं, पण चर्चच्या कारभाऱ्यानं विचारलंच, "हे पाणी कुणी सांडलं?"

"मी," मार्गारेट म्हणाली. "हल्ली हात थरथरतात."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खोटं बोललं म्हणून पोरांना बाकावर उभं करणारी मी... तोंड उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या सभ्य माणसांनी अगदी सभ्यपणे ठरवलं, की मार्गारेटचं वय झालंय, कुंडात पाणी भरायचं काम आता दुसऱ्या कुणीतरी करावं. हे तिनंच मला सांगितलं, पदरावरची धूळ झटकावी तसं, आणि जग घासायला घेतला. पाणी भरायचं नाही, पण जग लखलखीत हवा! मी दर मंगळवारी तिच्या मदतीला जायला लागले. आधी अपराधी मनानं, मग सवयीनं, मग तिच्या गप्पांसाठी.

ती कुंडाच्या गोष्टी सांगायची. इंग्लंडमधल्या एका जुन्या चर्चसाठी ते घडवलेलं, काठाला द्राक्षवेलीची नक्षी. काठावर दोन खाचा होत्या, त्या झाकणाच्या कुलपाच्या, कारण लोक हे पाणी जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे. मग ख्रिस्ती पंथापंथांत भांडणं झाली, नक्षीदार कुंड म्हणजे थोतांड ठरलं, चर्चमध्ये साधा वाडगा आला आणि कुंड गेलं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. गाई त्यात पाणी प्यायच्या. कितीतरी पिढ्यांनी एका पाद्र्यानं ती वेल ओळखली, पण तोवर गावानं नवं संगमरवरी कुंड आणलेलं, म्हणून हे बोटीतून इकडे आलं. एका बाजूची पानं गाईंच्या माना घासून गुळगुळीत झाली आहेत. मी म्हटलं, "गाईंनी तोंड लावलंय? मग आमच्या हिशेबानं हे दुप्पट पवित्र!" ती इतकी हसली, की फडकं कुंडात पडलं. तळाला बूच लावलेलं भोक होतं, पाणी गटारात न जाता मातीत मुरावं म्हणून. आपण तुळशीत घालतो तसंच. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे वेदीपाशी नाही, दाराशी का? ती न कंटाळता सांगायची, "कारण आत यायचं ते पाण्यातून," आणि माझ्याकडे तिरकं बघायची.

दोनतीनदा मी विषय काढला. "मार्गारेट, त्या दिवशी..." की ती म्हणायची, "चहा गार होतोय." शेवटचं भेटले तेव्हाही चहाच गार होत होता.

अंत्यविधीला मी दाराशी थबकले. कुंड कोरडं होतं, जग त्याच्या जागी, मी आदल्याच मंगळवारी घासलेला. चहाच्या वेळी एल्सला बाजूला घेतलं आणि सगळं ओकून टाकलं: पाय, जग, बाळाची आजी, माझं गप्प राहणं, आणि त्यापायी तिच्या आईच्या हातून गेलेलं काम. एल्सनं माझा हात धरला आणि म्हणाली,

"आईनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं होतं. म्हणाली, 'दाराशी पाणी का असतं, हे मी जन्मभर लोकांना समजावतेय. आज पहिल्यांदा एक बाई कुणी न सांगता पाय धुऊन आत आली. तिला मी कशी धरून देऊ?'"