बाळाची दोन बोटं

दर नाताळाच्या आधी मी फादरांसमोर गुडघे टेकते, पापं सांगते आणि एक गोष्ट गिळून उठते. रागावले, जावेला टोमणा मारला, रविवारची चर्चमधली मिस्सा बुडवली — एवढं भराभर सांगून मोकळी होते. जे सांगायला हवं ते तसंच राहतं. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही, माहेरी कुणाला नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही समोर बसलात, चहाचा कप हातात आहे, एवढं मी धरून चालते.

तसं माझं तोंड बंद राहणाऱ्यातलं नाही. मी आशा कार्यकर्ती. वडीगोद्रीहून आत आमचं गाव, आणि गावात कुणी शुगरच्या गोळ्या बंद केल्या की मी दारात उभी राहून असा आवाज चढवते, की शेजारचं माणूससुद्धा आपली गोळी शोधायला लागतं. पायाला जखम होऊ देऊ नका, झाली तर लपवू नका, हे तर माझं पाठ झालेलं भाषण. अशी बाई गप्प बसली. कुठे बसली, ते ऐका.

आमच्या वस्तीत आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकीच घरं. नाताळाची गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, सगळ्यांची मिळून एकच, आणि ती आमच्या अंगणात. गव्हाण म्हणजे काय, हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. म्हैस रोज तोंड घालते तीच. तुराट्यांचा कूड उभा करायचा, वर कडबा अंथरायचा, परातीत पेरलेला गहू वीतभर हिरवा झाला की समोर मांडायचा. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय असे सगळे आठवडाभर आधीच येऊन उभे राहतात. बाळाची जागा तेवढी रिकामी. चोवीस तारखेला फादर आले की बाळ येतं. बाकी जगात ते मध्यरात्री येत असेल. आमचे फादर एकटे, गावं पुष्कळ, आणि मध्यरात्री त्यांना मोठ्या चर्चमध्ये उभं राहायचं असतं, म्हणून आमचा येशू दिवेलागणीलाच जन्म घेतो.

हे बाळ माझ्या सासूबाईंच्या ताब्यात. त्यांना मी आत्याबाई म्हणते. वीतभर लांबीचं, प्लास्टरचं. त्यांच्या सासऱ्यांना एका म्हाताऱ्या परदेशी फादरांनी दिलेलं, आणि सायकलवरून आणताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं — आशीर्वादाला उचललेली, तीच — मुळापासून तुटलेली. वर्षभर ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आत्याबाईंच्या लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नाताळाला त्या ते बाहेर काढायच्या, तुटक्या जागेवर अंगठा ठेवायच्या आणि विचारायच्या, "दुखून राह्यलं का रे, राजा?"

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी पदरात तोंड लपवून हसले होते. दुसऱ्या वर्षी हसू आलं नाही. माणूस प्लास्टरला असं विचारतं आणि उत्तराची वाट पाहतं — खरंच वाट पाहतं — हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझी प्रार्थना म्हणजे येऊन-जाऊन याद्या: हे दे, ते दे, मुलीला बारावीत मार्क दे. आत्याबाई मागायच्या नाहीत. नुसतं विचारायच्या.

म्हणूनच मला सुचलं की बाळाला नवं झबलं शिवावं. पाच-सहा वर्षांमागची, नाताळाच्या तोंडावरची गोष्ट. आत्याबाई शेजारी जपमाळेला गेल्या होत्या. मी डबा काढला, बाळ पलंगावर ठेवलं, माप घ्यायला टेप घेतला — आणि गॅसवर दूध वर आलं. टेप हातात घेऊनच मी धावले. दूध वाचलं. मागे टेपाबरोबर ओढलं गेलेलं बाळ शहाबादी फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

मान वेगळी झाली होती. पोट फुटलं होतं, आत पोकळ, पांढरं. मी तुकडे पदरात गोळा केले. आशीर्वाद दिलेली वस्तू फेकत नाहीत, मातीत पुरतात, एवढं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं डोक्यात होतं. अंगणात गव्हाणीची जागा आधीच सारवायला उकरून ठेवलेली होती. तिथेच खुरप्यानं खड्डा केला आणि पुरलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगचं निमित्त सांगून जालन्याला गेले. तसंच बाळ मिळालं. तीच उंची, तीच निजायची ढब. घरी आणून चहाच्या पाण्यानं पुसलं, राख चोळली, जुनं केलं. एकच गोष्ट राहिली. त्याची बोटं धड होती.

आता इथे जरा थांबते.

मी अडकित्ता घेतला. भर दुपार, घरात कुणी नाही. अडकित्त्याच्या पात्यात ती दोन बोटं धरली. नुसतं दाबायचं होतं. सुपारी नाही का फोडत आपण? पण हात दाबेना. विकत आणलेलं, अजून फादरांचा हातही न लागलेलं प्लास्टर होतं ते, तरी. बाळाचं बोट मोडायचं? मला नाही जमलं. अडकित्ता ठेवून दिला आणि ठरवलं, आत्याबाईंनी विचारलं की सगळं सांगून टाकायचं. दोन शिव्या खाऊ, काय होईल?

त्यांनी विचारलंच नाही. चोवीस तारखेला फादर उभे, वस्ती सगळी अंगणात, पोरं गाणी म्हणतायत, आणि आत्याबाईंनी कापड उलगडलं. मोतीबिंदूनं त्यांना दिसायचं कमी, म्हणून नेहमीसारखा अंगठा त्या जागेवर नेला. अंगठा थांबला. पुन्हा चाचपून पाहिलं. पोरांचं गाणं आपोआप थांबलं.

"बोटं आली," त्या म्हणाल्या. एवढंच.

तो क्षण मी विसरू शकत नाही. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता हो, भीती होती. देव खोलीत येऊन उभा राहिला तर माणसाला जी भीती वाटेल, ती. त्या मातीत बसल्या, मागून सगळी वस्ती बसली, माझा नवरा सायमन बसला, आणि मीही बसले. तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. ते बाळ मी कुठून आणलं हे मला ठाऊक, चहाचं पाणी माझ्या हातचं, तरी काटा आला. जमिनीखाली जुनं बाळ, वर नवं, मधे आम्ही गुडघ्यावर. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण त्या शांततेत माझा आवाज कुठे घालायचा, हेच मला कळेना.

ही सबब म्हणून सांगत नाही. कारण मिस्सा संपल्यावर फादरांनी मला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "मार्था, डबा कुणी उघडला होता का?" तिथे शांतता वगैरे काही नव्हतं. लोक चहा पीत होते. मी म्हणाले, "नाही, फादर."

मग लोक यायला लागले. शहागडहून आले, जुन्या जालन्यातून ऑटो करून आले. आमचे शेजारी, मारवाडी दुकानदार, तेही येऊन हात जोडून गेले. आत्याबाई कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत. नुसती बाळाची बोटं दाखवायच्या.

आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. शुगर जुनी, जखम भरेना, काळी पडली. अंबडचे डॉक्टर म्हणाले, अंगठा काढू, पाय वाचेल. आत्याबाई हसल्या. "ज्यानं सोताची बोटं उगवली, त्याला माझा अंगठा जड हाय का?" सायमननं हातापाया पडून पाहिलं. फादर येऊन समजावून गेले. शेवटी सायमन मला म्हणाला, "तुझं ऐकतेत त्या. तूच सांग."

मी त्यांच्या पलंगावर बसले. जखमेचा वास येत होता. तो वास कशाचा, हे मला गावात सगळ्यांच्या आधी कळतं. एकच वाक्य होतं. आत्याबाई, ते बाळ मी जालन्याहून आणलंय. एवढं बोलले असते तर त्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या असत्या, हे मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माझा हात धरला, उशाशी ठेवलेल्या बाळाच्या बोटांवर टेकवला आणि म्हणाल्या, "तू तर जाणती हाईस. तू भिऊ नको."

मी म्हणाले, "डॉक्टरांचं ऐका, आत्याबाई." आणि उठून भाकरी करायला गेले.

गावभर ओरडत फिरणारी मी. कशाला भ्याले? वस्तीत तोंड कसं दाखवू, फादर काय म्हणतील, सासू घरात ठेवील का — एवढीच ती भीती होती. या भीतीपायी ईस्टरआधीचा उपवासकाळ संपेपर्यंत पाय गुडघ्याखाली काळा झाला, आणि ईस्टरनंतर संभाजीनगरच्या दवाखान्यात तो कापला.

शुद्धीवर आल्यावर आता यांची श्रद्धा मोडणार, असं मला वाटलं. खरं सांगते, मोडली तर बरं, असंही वाटलं; मग त्या बाळाला कुणी विचारणार नाही आणि मी सुटेन. त्यांनी डोळे उघडले, चादर सपाट झालेली पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "पोरी, बाळाला कुणी पानी पाजलं का घरी?" मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहिले. इतकं मोठं काहीतरी माझ्या घरात राहत होतं, माझ्या हातची भाकरी खात होतं, आणि मी त्याला फसवलं होतं.

त्या अजून आहेत. मी हे लिहिते आहे आणि त्या ओट्यावर बसून परातीतल्या गव्हावर पाणी शिंपडतायत.

परवा फादर पापनिवेदन ऐकायला आले. आत्याबाईंना हल्ली ऐकू कमी येतं. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटतं आणि अर्ध्या अंगणाला ऐकू जातं. म्हणून बाकीचे सगळे लांब जाऊन उभे राहतात. मी लांब जात नाही.

"फादर," त्या म्हणत होत्या, "माझा भरोसा कमी पडला. बाळानं दाखिवलं, तरी माझ्या मनात एकदा शंका आल्ती. म्हणून पाय गेला. त्याचं काही चुकलं न्हाई. माझंच पाप." हेच त्या दर वर्षी सांगतात, आणि दर वर्षी रडतात. फादर काहीतरी समजावत राहिले, मग त्यांनी क्षमेचा हात वर केला.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि मोठ्यानं हाक मारली, "मार्था, ये, तुझा नंबर."

मी गेले. गुडघे टेकले. जावेला टोमणा मारला, असं सांगितलं.