डोंगरावरून उतरवलेली सिस्टर

“बघल्याशिवाय लिवचंय नाय,” असं म्हणून ती पेन कानावर अडकवायची आणि सरळ घरात शिरायची. कोण आजारी आहे, बाळ कुठे निजलंय, पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पेन कानावरून खाली यायचं. बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही, एवढाच त्या मालवणी वाक्याचा अर्थ. पण सूर असा, की दारातला माणूस आपोआप बाजूला व्हायचा.

तुम्ही दोघा नातवंडांनी तिला पाहिलं आहे. पोलिओचे थेंब पाजताना तुमच्यातल्या धाकट्याने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता. “दात मजबूत आसत, लिवन ठेवतंय,” ती म्हणाली होती.

आमच्या इमारतीच्या मागे विक्रोळीचा डोंगर, डोंगरावर वस्ती आणि पायथ्याशी आरोग्य केंद्र. ती तिथली नर्स. मी तिला सिस्टर म्हणायचे आणि ती मला टीचर. बारा वर्षांत आम्ही एकमेकींची नावं कधी वापरली नाहीत, म्हणून इथेही वापरत नाही.

पहिल्यांदा आली ती पाहणीसाठी. घरात माणसं किती, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. मी वय अडुसष्ट सांगितलं. तिने जन्मसाल विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “एकोणसत्तर, टीचर. सांगताना कमी सांगा, लिवताना माका कमी करूक येवचा नाय.” आयुष्यभर मुलांच्या गुणपत्रिका तपासलेल्या बाईला कुणीतरी तपासलं होतं. तिची वही मी मागून घेतली. पेन्सिलीने आखलेले रकाने, गल्लीवार घरं, पानाच्या तळाशी बेरीज. मला ती वही फार आवडली.

पुढे केंद्रात कॉम्प्युटर आला आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये भरण्याचा हुकूम आला. केंद्रात ते कुणालाच येत नव्हतं. मला येत होतं, शाळेत निकाल आम्ही त्यातच लावायचो. ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे येऊ लागली. संध्याकाळ तिला नसायचीच. नवरा पक्षाघाताने अंथरुणावर, आणि त्याला सांभाळणारी बाई सहाच्या पुढे एक मिनिट थांबत नसे. सहाच्या आत मानखुर्दच्या घरी पोचायचं, असा तिचा दिवस बांधलेला.

“आडवी ओळ म्हणजे एक माणूस,” मी शिकवलं. “उभा रकाना म्हणजे एक प्रश्न.”

“एवढ्याशा ओळीत माणूस मावता?”

“मावायलाच हवा, सिस्टर.”

मावत नव्हता. वजनाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘बाळ झोपलेलं, उद्या परत जाणे’. वजनवाढ काढणारं सूत्र तिथेच मान टाकून पडलं. मी करड्या आवाजात सांगितलं, की आकड्यांच्या रकान्यात अक्षरं चालत नाहीत. मग तिने कडेला ‘शेरा’ नावाचा रकाना काढला. वरच्या कार्यालयाच्या नमुन्यात तो नव्हता, म्हणून डॉक्टरांनी तो उडवला. शेवटी मी तिला चौकटीला टीप जोडायला शिकवलं. टीप असली की चौकटीच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसतो. महिन्याभरात तिचं पान गोवर उठल्यासारखं लाल झालं.

आलेख काढता आला त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन टाळ्या वाजवून गेली. गल्लीवार उभे दांडे, लसीचा डोस चुकलेल्या मुलांचे. एक दांडा बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. डॉक्टर म्हणाले, तिथले लोक अडाणी आहेत. ती म्हणाली, “अडाणी नाय हो, कामाक जातत. सकाळी सातला बायका घरकामाक खाली उतरतत आणि तुमची लस दहाला.” त्या गल्लीसाठी लसीचा वार बदलून रविवार केला. पुढच्या तीन-चार महिन्यांत दांडा बसत बसत शेजाऱ्यांच्या खांद्याला आला. डॉक्टरांनी तो आलेख बैठकीत दाखवला, कौतुक झालं, चहाबरोबर बटाटेवडे आले.

आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, “सिस्टर, तुम्ही आता खालीच बसा. डोंगरावर नवीन मुलगी जाईल.”

तिला वाटलं, आठवड्याभराचा प्रश्न आहे. आठवड्याचे महिने झाले. शेजारच्या दोन केंद्रांचे तक्तेही तिच्याकडे येऊ लागले. खुर्ची भिंतीकडे तोंड केलेली, खिडकी पाठीमागे. आमच्या चौकातल्या भाजीवालीकडे डोंगरावरच्या बायका भेटल्या की विचारायच्या, “सिस्टर रिटायर झाल्या काय?” मी निरोप पोचवायचे. ती ऐकून घ्यायची आणि डब्यातली भाकरी चिवडत बसायची.

तिने डॉक्टरांकडे अर्ज केला, मग पुन्हा केला. डॉक्टर वाईट नव्हते, तरुण होते, दमलेले होते. “तुम्हाला सोडलं तर माझी वाट लागेल, सिस्टर,” ते म्हणायचे. “हे दुसऱ्या कुणाला येतं का, सांगा.” तिने त्या नव्या मुलीला शिकवलं. मुलगी चटकन शिकली आणि शिकल्यामुळेच चांगली नोकरी मिळून निघून गेली. मग दुसरी आली.

एके दुपारी ती डबा न उघडता माझ्यासमोर बसली. “टीचर, वरच्या गल्लीतली नऊ पोरां, पोषण आहाराच्या यादीतली. तीन महिने वजन तेवढाच. ग्रॅमाचो फरक नाय. माणसां आसत की फोटो?”

मला कळलं. ही दुसरी मुलगी डोंगर चढतच नव्हती. मागच्या महिन्याचे आकडे पुढच्या रकान्यात उतरवत होती. सिस्टरने डॉक्टरांना सांगितलं, मला वर जाऊ द्या. ते म्हणाले, मुलीला समज देतो, तुम्ही तक्ता पाठवा, आज शेवटची तारीख आहे.

“तुमी माका ह्यां शिकवलात,” ती म्हणाली. रागाने नाही. “नसता शिकवलात तर मी आता वर असतंय.”

ह्यावर मी जे बोलले ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, “मग चुका करा. दोन-चार ठळक चुका झाल्या की डॉक्टर स्वतःच तुम्हाला खुर्चीवरून उठवतील.” चौतीस वर्षांत एकाही गुणपत्रिकेत खाडाखोड न केलेली मी.

तिने केल्या. त्याच नऊ मुलांच्या वजनात तिने एकेक किलो वाढवला. दोन-तीन वर्षांच्या पोरांना महिन्यात एक किलो म्हणजे कुणालाही खटकावं. आम्ही दोघी ओरडा ऐकायची वाट बघत राहिलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तर दारात ती. चपला काढायचंही भान नव्हतं.

“खटकला नाय कुणाक. डॉक्टर म्हणाले, वा सिस्टर, गल्ली सुधारली! आलेख काढून भिंतीवर लावल्यानी.”

“मग?”

“मगे काय! पोरां बरी झाली म्हणान पोषण आहाराच्या यादीतसून त्यांची नावां काढली. मी कागदावर वजन वाढवलंय, टीचर. त्यांच्या पोटात काय गेला?”

चहा तसाच राहिला. मी तिच्याबरोबर केंद्रात गेले. तिने डॉक्टरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. आकडे मी बदलले, मुद्दाम बदलले, मला उठवा म्हणून बदलले. मी म्हणाले, सल्ला माझा होता. डॉक्टरांनी लगेच तक्ता उघडला. त्यांनी नावं यादीत परत घातली आणि नव्या मुलीला वजनकाटा देऊन त्याच तासाला वर पाठवलं. माझं अर्धं ओझं उतरलं.

मग ते सिस्टरला म्हणाले, “बघितलंत ना? तुम्ही आहात म्हणून चूक सापडली. तुमच्याशिवाय हे पान मी कुणाच्या हातात देऊ?”

तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पुढची चार वर्षं, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, तिचा एकही आकडा चुकला नाही. अर्जही तिने पुन्हा केला नाही. मीच कधी विषय काढला तर म्हणायची, “ऱ्हवांदे, टीचर. मी उठलंय तर आकड्यांका कोण ओळखीत?”

निवृत्त झाल्यावर ती विक्रोळीला एकदाच आली. आता गुडघे आणि नवरा, दोघंही तिला मानखुर्दबाहेर पडू देत नाहीत. फोनवर बोलतो आम्ही, पण मला ती दिसते ती त्या दिवसाची.

आपल्या लेकीला नवऱ्याजवळ बसवून ती आली होती. नवी चप्पल, हातात काही नाही. “चला, माका वर पोचवा,” म्हणाली. मी काठी घेऊन पायऱ्यांच्या तळापर्यंत गेले, पुढे माझ्याच्याने होणार नव्हतं. ती चढू लागली. दहा पायऱ्यांवर थांबली, वीसवर थांबली. पहिल्या वळणावर कठड्याला धरून खालीच बसली. इतकी वर्षं खुर्चीत दुमडलेले गुडघे आता उलगडत नव्हते. वस्ती तिथून अजून दुप्पट उंचीवर होती.

वरून एक तरुण बाई रिकामी कळशी घेऊन उतरत होती. तिने सिस्टरला ओळखलं नाही. “आजी, कुणाकडे जायचंय?”

सिस्टरने दोन-तीन घरांची नावं घेतली. “ते लोक गेले कधीच. आम्ही नवीन आहोत इथे,” बाई म्हणाली आणि पुढे निघाली.

“थांब गे,” सिस्टर म्हणाली. “कितवो महिनो?”

बाई चपापली. साडीत काही दिसत नव्हतं, निदान मला खालून तरी नाही. “पाचवा. तुम्हाला कसं कळलं?”

“पाय सुजलेत तुझे. हंय ये. केंद्रात नाव घातलंस?”

बाईने मान हलवली, नाही. मग कळशी खाली ठेवली आणि एक पाय पायरीवर टेकवला. सिस्टरने घोट्याजवळ अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला.

मला उन्हात उभं राहवेना. मी खालून हाक मारली, “सिस्टर, येताय ना?”

तिने वळून पाहिलं नाही. दुसरा हात मागे करून मला फक्त थांबायची खूण केली.