आज पाव किलो

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचोड्याच्या आमच्या किराणा दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होते. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सकाळी चहा घेतला, पाव किलो म्हणले, अन् मंग बसल्या बसल्याच..." दुसऱ्या कोणाला हे बरळणं वाटलं असतं. मला सगळं कळलं. खरं सांगते, तेवढ्या दुःखातही बरं वाटलं, की शेवटच्या दिवशी पावच होतं. हे वजन दादाच्या दुखण्याचं.

माझा मोठा भाऊ गणपत बाजारहत्नूरजवळ मेथी-पालक लावायचा. पाण्याचा पाइप उचलताना त्याची कंबर धरली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. स्वभावाने भारी काटेकोर; जुडीत एक काडी जास्त झाली तरी सोडून पुन्हा बांधणार. आम्ही मायेपोटी त्याच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं. पोरांनी बाज टाकून दिली, वहिनी पाण्याचा तांब्याही उचलू देईनात. येणारा-जाणारा विचारी, "कसं हाय आता?" आणि दादा पार पहिल्यापासून सांगत बसे. दोन वर्षांत कंबर तशीच राहिली, माणूस मात्र आटत गेला. दाढी करेना, ताट सरकवी, नातीवर खेकसे.

आणि मी तर तोंडाची फाटकी. एकदा बाजाराच्या दिवशी दादाला ओळखीच्या लोकांत तासभर हसताना पाहिलं, आणि घरी येताच विव्हळताना. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "दादा, सोंग काऊन करून राह्यला?" तो भिंतीकडे तोंड करून निजला... त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळून घेतलं, पण मान खाली घालून.

पुढे आदिलाबादला एका डॉक्टरकडे नेलं तेव्हा वहिनींसोबत मीही होते. डॉक्टर तेलुगू, मराठी मोडकीतोडकी. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? दादा म्हणाला, "दुखणं मोजतो." मला हसू आलं, डॉक्टरांना नाही. ते म्हणाले, नस दबली आहे, दुखणं खरं आहे. मन खचलं आहे, तेही खरं, आणि दोघं एकमेकांना वाढवून राह्यले. मनासाठी गोळ्या दिल्या, थोडं थोडं चालायला सांगितलं, आणि म्हणाले, मोजायचंच तर दिवसातून एकदा मोजा, बाकी वेळ हाताला काम द्या. त्या गोळ्या वहिनींनी कोणापासून लपवल्या नाहीत, बीपीच्या डब्यातच ठेवल्या. दवाखान्याबाहेर मी दादाचे पाय धरले. तो म्हणाला, "सोड व. दुखत होतं ते खरं, अन् हासलो ते बी खरंच होतं."

तेव्हापासून सकाळच्या चहाला वहिनी एकदाच विचारायच्या, "आज किती?" भाजीवाल्याचं घर, उत्तरही तसंच. "अर्धा." "पाव." कधी "दीड किलो, बोलूच नोको." मग दिवसभर तो विषय बंद. पाटावर गोणपाटाची घडी टाकून दादा अर्धा-अर्धा तास शिंदीच्या पातीने जुड्या बांधायचा. जो काटेकोरपणा दुखणं मोजत होता तोच आता मेथीत गेला. कंबर दुखतच राहिली, पण मला चिडवणं परत सुरू झालं. "तुही जीभ किती किलोची व?" विचारायचा. ती आठ वर्षं आमच्या घरातली चांगली वर्षं.

आता माझे गुडघे गेलेत. कोणी विचारलं की "काही नाही" म्हणते. दादाला सोंग म्हणणारी मी, सांगणार कोणत्या तोंडाने? गेल्या सोमवारी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाल्या, "आज किती?"

"काही नाही" अगदी ओठांवर आलं होतं... म्हटलं, "अर्धा."

"मंग या न बाई इकडं. मेथी निघाली. तुमच्या दादाचा पाट रिकामाच हाय."