भिंतीतला चोर

गणपत मिस्त्री नव्या भिंतीला गाल लावायचे. लेकराचा ताप बघावा तसे डोळे मिटून उभे राहायचे. धारमध्ये त्यांच्याइतका जाणता गवंडी नव्हता; त्यांचे आजोबा धार संस्थानच्या कामावर साताऱ्याकडून आलेले. मी पंचविशीतला ओव्हरसीअर, आणि जगातली सगळी अक्कल माझ्याकडेच!

दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड बांधत होतो. खिडकीवरचा काँक्रीटचा बीम भिंतीतून आरपार काढून त्याचाच छज्जा करायचा, असा माझा नकाशा. मिस्त्री म्हणाले, "साहेब, विटेत गारठा अडतो, ह्या सिमिटातून सरळ आत येतो. बीम चार बोटं आत थांबवा, तोंडाला भुसा घालून भाजलेली वीट देतो, ती गारठा धरत नाही. छज्जा निराळा करू."

"नकाशा तुम्ही काढलात की मी?" मी हसून विचारलं, आणि बीम आरपारच ओतला.

पुढं मोठे साहेब तपासणीला आले. मिस्त्रींनी बीमला हात लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, या भिंतीत चोर आहे."

सिमेंट परमिटवर मिळायचं, नि ओव्हरसीअरनं ते परस्पर विकल्याचा संशय लगेच यायचा, ते दिवस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला चोर म्हणता? चालते व्हा!"

"अहो, हात लावून तर बघा," एवढंच ते म्हणाले. थापी धुतली, फडक्यात गुंडाळली नि निघाले.

एक मजूर चाचरत म्हणाला, "साब, जहाँ से ठंड घुसती है, मिस्त्री उसको चोर बोलते हैं." मिस्त्री अजून फाटकापाशीच होते. हाक मारली असती तर थांबले असते. मोठ्या साहेबांसमोर माझी जीभ रेटली नाही.

चोरीच्या भानगडीतला मिस्त्री म्हणून त्यांना धारमध्ये काम मिळेना. ते लेकीकडे देवासला गेले.

थंडीत वॉर्ड सुरू झाला. बीमखाली भिंतीला ओल आली. मी हात लावला. बाप रे, नुसता बर्फ! शेजारची वीट मात्र कोरडी, उबदार. दुरुस्ती करायची तर चूक माझी, असं कागदावर लिहून द्यावं लागलं असतं. मी लिहिलं नाही.

माफी मागायला म्हणून देवासला गेलो. मिस्त्रींनी अंथरूण धरलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "साहेब, चोर बुजवला ना? लेकरं असतात तिथं."

"बुजवला," मी म्हणालो.

"मग झालं तर," म्हणाले, आणि इतकं समाधानानं हसले! चार दिवसांनी ते गेल्याचं कळलं.

मी वॉर्डात गेलो. बीमखालच्या खाटेवर एक बाई लेकराला पदरात घेऊन, भिंतीकडे पाठ करून बसली होती. मी तिची खाट सरकवून दिली. भिंत तशीच राहू दिली.