पुस्तक बंद कर, बोल

रायपूर राजधानी झालं, हे आमच्या गुढियारी वस्तीला सायरनवरून कळलं. लाल दिव्याच्या गाड्या आमच्या गल्लीत काही येत नसत, आवाज मात्र यायचा. पानठेल्यापासून केस कापायच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी पाटीवर ‘राजधानी’ लिहून घेतलं. ऑफिसं एकमेकांच्या इमारतींत पाहुण्यासारखी राहत होती आणि आज इथं तर उद्या तिथं जात होती. जो तो रस्ता विचारत फिरायचा. या गोंधळाच्या आड आमच्या घरातली एक गोष्ट बरेच दिवस लपून राहिली.

मी नव्या राज्याच्या नोकरीची परीक्षा देणार होते. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटची संधी. वाचायचे खूप, पण आठवड्यात सगळं पुसून जायचं. पानंच्या पानं पिवळ्या पेनानं रंगवायचे आणि रंगवलं म्हणजे आलं, असं समजायचे.

बाबा रेल्वेतून सहायक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. माझी पिवळी पानं पाहून म्हणाले, “डोळ्यानं पाहिलं म्हंजे डोक्यात गेलं असं नसते, पोरी. पुस्तक बंद कर. बोल.”

स्टेशनात फोनवर आलेला निरोप ऐकणाऱ्यानं जसाच्या तसा परत म्हणायचा. पलीकडचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच गाडी सोडायची. बाबांनी तोच नियम घरी लावला. जेवणं झाली की ते विचारायचे, मी म्हणायचे आणि ते ‘बरोबर’ म्हणाले की पुढचा प्रश्न. आज विचारलेलं ते चार दिवसांनी पुन्हा विचारत. तेव्हा अडखळत का होईना, आठवायचं आणि आठवलेलं मग टिकायचं.

त्याच सुमारास शंकर नगरातल्या एका सभागृहात स्मरणशक्तीचं शिबिर झालं. दीपप्रज्वलन, हार, शाली. मंचावरच्या मान्यवरांची नावं घेण्यातच अर्धा तास गेला. तीही कागदावरून वाचून. मग वक्त्यांनी डोक्यात एक महाल बांधायला सांगितला. त्याच्या दालनादालनांत एकेक गोष्ट ठेवायची, फिरत जायचं, आठवत जायचं. आमच्याकडे खोल्या दोनच, तेव्हा मी महानदी माठाजवळ ठेवली आणि शिवनाथ नदी मोरीत. पद्धत चांगली होती, हे कबूल करायला हवं.

घरी हे सांगितल्यावर काही दिवसांनी बाबांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला.

“तुमीबी महाल बांधून राहिले का?” आई म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

प्रश्न आता लवकर लवकर फिरून येऊ लागले. चार दिवसांवरून दुसऱ्या दिवशी, मग त्याच बैठकीत.

“महानदी कुठून निघते?”

“सिहावाच्या डोंगरातून.”

“बरोबर.” दोन प्रश्न झाले की पुन्हा, “महानदी कुठून निघते?”

“काहून हो, हे तं तुमी आताच इचारलं,” आई म्हणाली.

“रेल्वेत एकदा इचारून गाडी सोडत नाही.”

माझा धाकटा भाऊ मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. तो म्हणाला, “मम्मी, यही तो मेथड है!” मलाही ते पटलं. माझं खरंच पक्कं होत होतं.

एकदा भाजी आणायला गेलेले बाबा दुपार उलटल्यावर परतले. पिशवी रिकामी, सदरा घामानं चिंब.

“बाजार हलवला,” ते म्हणाले.

शेजारचे काका ओट्यावर होते. “हव भाऊ, राजधानी झाली आता! काल मीच एक ऑफिस शोधत दिवसभर फिरून राहिलो होतो. बोर्ड होता, ऑफिस नव्हतं.”

सगळे हसले. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडून गेले. बाजार होता तिथंच होता. तीच कोपऱ्यावरची बाई, तेच बोऱ्यावरचे वांग्यांचे ढीग.

घरी येऊन मी आईकडे पाहिलं. ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “तुया पेपर होऊ दे. मंग पाहू.”

म्हणजे तीही जाऊन आली होती.

परीक्षेत महानदीचा प्रश्न आला. उत्तर आठवावंच लागलं नाही. ते बाबांच्या आवाजातल्या प्रश्नाला चिकटूनच आलं. विसरायला लागलं की पुन्हा विचारावं, म्हणजे पक्कं बसतं, ही अभ्यासाची रीत खरीच आहे. फक्त आमच्या घरात विसरणारी मी नव्हते. हॉलमधले पंखे घरघरत होते. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, “क्या हुआ, दीदी? लिखिए.” मी लिहिलं.

पेपर चांगला गेला. घरी पोचले तेव्हा बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. आत आई भांडी घासत होती आणि घासता घासता थांबली.

“कसा गेला” असं काही ते विचारतील म्हणून मी चप्पल काढत उभी राहिले.

“पुस्तक बंद कर,” बाबा म्हणाले. “बोल. महानदी कुठून निघते?”

माझ्या हातात पुस्तक नव्हतं.

“सिहावाच्या डोंगरातून,” मी म्हणाले आणि नियमाप्रमाणे त्यांच्या ‘बरोबर’ची वाट पाहत उभी राहिले. ते माझ्याकडे पाहत होते. माझंच काहीतरी सांगायचं राहिलं आहे, अशा नजरेनं.