प्लायवुडखालून आलेला कागद

झेरॉक्सच्या दुकानात गरम टोनरचा वास आला, की मला बुऱ्हाणपुरातलं आमचं जुनं दुकान आठवतं. वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये प्लायवुडची भिंत आली आणि प्रिंटर दादाच्या बाजूला राहिला. त्याचं विंडोज, माझं लिनक्स. अख्खी दुपार खपून मी दोन्ही कॉम्प्युटर त्या एकाच प्रिंटरला जोडले.

"दादा, माझी प्रिंट निघाली का बघ ना!"

"हां, निघाली. घे."

भिंतीखालच्या फटीतून कागद सरकत आला; मागे त्याच्या चपलेचं टोक दिसलं.

कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे बाबांनी आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. दादा घाईत असेल, असं म्हणत मी तो गरम कागद कपाळाला लावला.

कसली डोंबलाची घाई! खरी वाटणी त्या दुपारी झाली.